कुंभारमाशीची पणती आधी कोण घेणार?

सांग बाळा, भरवसा कुणावर ठेवावा? मोठ्यानं बोलतो त्याच्यावर? मोठा दिसतो त्याच्यावर? की नीट बघून घेतो त्याच्यावर?

लगेच नको सांगूस. आधी गोष्ट ऐक.

एक होती कुंभारमाशी. एवढीशी! कंबर तर दोऱ्याएवढी. ती माती आणायची. माती मळायची. इवल्या इवल्या पणत्या घडवायची. सावलीत सुकवायची. भट्टीत भाजायची. पणत्या व्हायच्या लाल लाल.

दिवाळीचा शेवटचा दिवस आला. वडाखाली बाजार भरला. कुंभारमाशीनं एक पान अंथरलं. पानावर पणत्या मांडल्या. एक दाणा द्या, एक पणती न्या.

घरी पिल्लं होती. पिल्लं म्हणाली, "आई, लाडू?"

"दाणे येऊ देत हं. मग लाडू."

पहिलं गिऱ्हाईक आलं. फडफड फडफड. कावळा!

पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, बरं का. भवानी चांगली, तर दिवस चांगला.

कावळ्यानं चोचीत पणती धरली. मान इकडे केली. मान तिकडे केली. चोचीत पणती, आणि बोलायची हौस! चोच उघडली. "काव!"

पणती पडली दगडावर. खळ्ळ! फुटली.

"कावळेदादा, दाणा द्या."

"कशाचा दाणा? माती कच्ची तुझी! काव काव! माती कच्ची!"

फडफड फडफड. कावळा उडाला. गावभर सांगत सुटला.

कुंभारमाशी बसून राहिली. कुणी येईना. कुणी बघेना. मग तिनं एक पणती उचलली आणि निघाली.

गूं गूं, गूं गूं. खारूताईकडे गेली.

"खारूताई, खारूताई,
कावळ्यानं पणती पाडली,
खळ्ळ करून फोडली.
माती कच्ची म्हणाला,
दाणा नाही दिला.
तुम्ही तरी घ्या ना!"

खारूताईनं शेपटी झटकली. "घेईन गं घेईन. पण एकटी मीच घेतली, तर शेजारणी हसतील. आधी ससा घेऊ दे, मग मी घेईन."

गूं गूं, गूं गूं. सशाकडे गेली.

"ससेभाऊ, ससेभाऊ,
कावळ्यानं पणती पाडली,
खळ्ळ करून फोडली.
माती कच्ची म्हणाला,
दाणा नाही दिला.
खार म्हणते, आधी ससा.
तुम्ही तरी घ्या ना!"

सशानं कान पाडले. "घेईन गं घेईन. पण मला काय कळतंय? मोराची आवड भारी. आधी मोर घेऊ दे, मग मी घेईन."

गूं गूं, गूं गूं. मोराकडे गेली.

"मोरराव, मोरराव,
कावळ्यानं पणती पाडली,
खळ्ळ करून फोडली.
माती कच्ची म्हणाला,
दाणा नाही दिला.
खार म्हणते, आधी ससा.
ससा म्हणतो, आधी मोर.
तुम्ही तरी घ्या ना!"

मोरानं पिसारा फुलवला. "घेईन गं घेईन. मी काही कुणाचं बघून घेत नाही! पण... हत्तीच्या दारात काय लावलंय? आधी हत्ती घेऊ दे, मग मी घेईन."

गूं गूं, गूं गूं. हत्तीकडे गेली. पंख दुखायला लागले.

"हत्तीआजोबा, हत्तीआजोबा,
कावळ्यानं पणती पाडली,
खळ्ळ करून फोडली.
माती कच्ची म्हणाला,
दाणा नाही दिला.
खार म्हणते, आधी ससा.
ससा म्हणतो, आधी मोर.
मोर म्हणतो, आधी हत्ती.
तुम्ही तरी घ्या ना!"

हत्ती गोड हसला. "घेईन गं घेईन. पणती छानच आहे हो. पण मोठ्यांनी चुकून चालत नाही, बाळ. कावळा गावभर फिरतो. त्याला सगळं ठाऊक. आधी कावळा घेऊ दे, मग मी घेईन."

कावळा! कुंभारमाशी माघारी वळली. पण घरी पिल्लं होती ना? लाडू कबूल केला होता ना? गेली.

गूं गूं, गूं गूं.

"कावळेदादा, कावळेदादा,
तुम्हीच पणती पाडली,
खळ्ळ करून फोडली.
माती कच्ची म्हणालात,
दाणा नाही दिलात.
खार म्हणते, आधी ससा.
ससा म्हणतो, आधी मोर.
मोर म्हणतो, आधी हत्ती.
हत्ती म्हणतो, आधी कावळा.
आता तरी घ्या ना!"

कावळ्यानं चोच पुसली. "घेईन गं घेईन. माझं काय जातंय? पण लोक काय म्हणतील? आधी खार घेऊ दे, मग मी घेईन."

खार! म्हणजे पुन्हा पहिल्यापासून!

बाजार असाच असतो, बाळा. आमच्या पेठेत एकदा एकजण चपलेतला खडा काढायला थांबला. त्याच्यामागे दुसरा थांबला. दुसऱ्यामागे तिसरा थांबला. झाली रांग! "कशाची हो रांग?" असं एकानंही विचारलं नाही.

ऊन उतरलं. कुंभारमाशी आपल्या पानाशी आली. पणत्या तशाच. लाल लाल. आज दिवाळीचा शेवटचा दिवस. उद्या पणती कोण घेणार?

तुरुतुरु, तुरुतुरु. कोण आलं? चिचुंद्री. तिला दिसतं कमी. तिच्या अंगाला येतो वास. म्हणून तिला कुणी काही विचारत नाही.

"चूं चूं! माशीबाय, पणती आहे का गं? दारात मेला अंधार आहे."

"आहे मावशी. पण,
कावळ्यानं पणती पाडली,
खळ्ळ करून फोडली.
माती कच्ची म्हणाला,
दाणा नाही दिला.
खार म्हणते, आधी ससा.
ससा म्हणतो, आधी मोर.
मोर म्हणतो, आधी हत्ती.
हत्ती म्हणतो, आधी कावळा.
कावळा म्हणतो, आधी खार."

"अगं बाई! एवढे जण बोलले. पणती वाजवून कुणी बघितली?"

"कुणीच नाही."

चिचुंद्रीनं पणती कानाशी धरली. नखानं टिचकी मारली.

टण्ण!

"कच्ची माती बद्द वाजते. ही टण्ण वाजली. पक्की आहे गं! हा घे दाणा."

"मावशी, तुमच्याआधी कुणीच घेतली नाही."

"न घेईनात! अंधार माझ्या दारात आहे. त्यांना कशाला विचारू?"

झाली भवानी!

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्री घरी गेली. वात घातली. तेल घातलं. दिवा लावला. लुकलुक, लुकलुक. सगळ्या गावाला दिसला.

फडफड फडफड. कावळा आला. "काव! मला दे एक. लवकर दे!"

कुंभारमाशी ताठ उभी राहिली. "देईन हो देईन. पण आधी फुटलेल्या पणतीचा दाणा द्या, मग नवी देईन."

"कसला दाणा? माती कच्ची..."

धप्प धप्प! मागे हत्ती येऊन उभा. "अरे, घे की लवकर! तू घेतल्याशिवाय मी कसा घेऊ?"

"हत्तीनं घेतल्याशिवाय मी कसा घेऊ?" मोर म्हणाला.

"मोरानं घेतल्याशिवाय मी कसा घेऊ?" ससा म्हणाला.

"सशानं घेतल्याशिवाय मी कशी घेऊ?" खार म्हणाली. "दे बाबा त्या बाईचा दाणा!"

कावळ्यानं वर बघितलं. केवढा हत्ती! केवढा पाय!

गुपचूप दाणा दिला. एक फोडलेल्या पणतीचा. एक नव्या पणतीचा.

कावळ्यानं घेतली, मग हत्तीनं घेतली.
हत्तीनं घेतली, मग मोरानं घेतली.
मोरानं घेतली, मग सशानं घेतली.
सशानं घेतली, मग खारीनं घेतली.
खारीनं घेतली, मग सगळ्या गावानं घेतली.

पान रिकामं झालं. पण यांतल्या कुणीच वाजवून बघितली नाही हं. सकाळीही तीच माती होती. संध्याकाळीही तीच माती.

कावळा ओरडला, "पहिली मी घेतली!" हत्ती म्हणाला, "मी तर छान म्हणालोच होतो." मोर म्हणाला, "मी कुणाचं बघून घेत नाही." खार म्हणाली, "सकाळी सगळ्यांत आधी ती माझ्याकडेच आली होती."

चिचुंद्रीचं नाव कुणी घेतलं नाही.

गूं गूं. कुंभारमाशी घरी गेली. दाणे कुटले. लाडू वळले. पण पिल्लं झोपली होती. वाट बघून बघून झोपली होती. तिनं लाडू उशाशी ठेवले. एक लाडू चिचुंद्रीच्या दारात ठेवला. पणतीशेजारी.

आता बाळा, तू सांग. पणती कुणी फोडली? वाजवून कुणी बघितली? पहिली कुणी घेतली?

ते सगळे आपापला हिशेब सांगतील. मोठमोठ्यानं सांगतील. तू मात्र खरा हिशेब ठेव. कावळ्याचं नाव कावळ्याच्या जागी, चिचुंद्रीचं चिचुंद्रीच्या. वास येतो म्हणून तिचं नाव गाळू नकोस. ठेवशील ना?