कातळावरची आई

“...आणि मग उन्हाळ्यात ते चित्र कातळावरून खाली उतरतं म्हणे, अन् आईला गि—”

साळुंकी शेजारणीला एवढंच बोलली आणि समोर हरिणी दिसताच भुर्रकन उडाली. आता असं अर्धवट सोडून गेल्यावर कुणाच्या जिवाला चैन पडेल? हरिणीने मान उंच करून हाक मारली, “अगं, आईला काय? सांगून तरी जा!” पण साळुंकी कसली थांबते!

बाळगोपाळांनो, ही हरिणी डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात राहत होती. तिथे एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी आटलं की आया नदीपलीकडे चरायला जात आणि दूध सुटलेली पाडसं म्हाताऱ्या हरिणीच्या राखणीत कपारीत राहत. पाडसांनी आईला विसरू नये, म्हणून निघण्याआधी प्रत्येक आई कपारीतल्या कातळावर आपलं चित्र काढून घेई. काढणारा होता सरडा. शेपटी गेरूत बुडवायची, चुन्यात बुडवायची, की झालं काम.

हरिणीचा एक कान काटेरी झुडपात फाटलेला, नाकावर जुना व्रण. सरड्याने एक डोळा इकडे, एक तिकडे फिरवून तिला न्याहाळलं. “ताई, कान सांधून देतो. व्रण तर दिसणारच नाही. डोळे जरा मोठे, मान जरा लांब.”

“अरे, पण मग ती मी वाटेन का?”

“सगळ्याच करून घेतात हो! नाहीतर तुमचंच पाडस उद्या म्हणेल, शेजारची आई केवढी देखणी!”

हे मात्र तिला लागलं. “बरं, कर बाबा,” ती म्हणाली. कातळावर आधीच ओळीने चित्रं होती. सगळ्यांचा कान तोच, मान तीच, डोळेही तेच. पाहून तिच्या अंगावर काटा आला, तरी ती सरड्यापुढे मान उंच धरून उभी राहिली.

नदीला पुन्हा पाणी आलं तशा आया परतल्या. दिवस मावळत होता. कपारीत ना उड्या, ना दंगा. सगळी पाडसं कातळाकडे तोंड करून बसलेली, पापणीसुद्धा न हलवता. हरिणी धावली. “बाळा!”

पाडसाने तो फाटका कान पाहिला, तो व्रण पाहिला आणि ते मागे सरकलं. “तुम्ही कोण, मावशी?”

“अरे, मी आई!”

“आई ती आहे,” पाडस कातळाकडे बघत म्हणालं. “ती कधी ओरडत नाही.”

अंगावर नदीपलीकडचा चिखल, म्हणून तिचा वासही त्याला परका. म्हातारी हरिणी कळवळून म्हणाली, “किती समजावलं गं! माझं ऐकतंय कोण?”

इतक्यात झाडीतून तरसाचं हसू ऐकू आलं. “पळ बाळा!” हरिणी ओरडली. पाडस हलेना. उलट चित्राला जास्तच बिलगलं. “आई बघतेय माझ्याकडे. ती वाचवेल.”

हरिणीने त्या मोठ्या, सुंदर डोळ्यांकडे पाहिलं आणि थेट त्यांनाच जीभ लावली. चुन्याने जीभ भाजत होती, तरी ती चाटत राहिली. “आईला पुसू नका!” पाडस टाहो फोडत तिला लाथा मारत होतं. तिचं बघून बाकीच्या आयाही आपापल्या चित्राला भिडल्या. तरसाचं हसू कपारीच्या तोंडाशी आलं तेव्हा कातळ कोरा झाला होता. बघायला तिथे कुणी उरलंच नाही, तेव्हा कुठे पाडसं त्या चिखलाने माखलेल्या आयांमागे कपारीच्या पलीकडच्या तोंडातून धावत सुटली. आणि वाचली.

चित्र काही कातळावरून उतरलं नव्हतं, त्याने कुणाला गिळलंही नव्हतं. साळुंकीचं तेवढं खोटंच. पण अजूनही निजताना पाडस हरिणीच्या कुशीत शिरतं आणि तिलाच विचारतं, “आई परत कधी येणार?”

तात्पर्य : आपली माणसं आपल्याला आपल्या खुणांनी ओळखतात, देखणं दिसण्याच्या हौसेने त्या खुणा पुसल्या, तर आपल्या जागेवर परकंच कुणी येऊन बसतं.