टाकी रोखा!

एका गावात एक नळ. नळाखाली दगडाची वाटी. तिथे पाणी प्यायची झिपरी खार. नळ गळायचा टप् टप्, खार प्यायची चट् चट्.

एक दिवस टप् नाही, टिप् नाही. वाटी कोरडी ठाक! बिचारीच्या घशाला कोरड पडली.

खार निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नळदादा, नळदादा, पाणी दे ना!"

"जुनी टाकी फुटली. नवी टाकी भरेल, तर मी गळेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. माळावर नवी टाकी, पाइपाविना उभी.

"टाकीमावशी, टाकीमावशी, भर ना!
नळ गळेना,
खारीला पाणी मिळेना!"

"पाइप जुळेल, तर मी भरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. पाइपवाले ठेकेदार नामाभाऊ खाटेवर. घुर्र, घुर्र.

"नामाभाऊ, नामाभाऊ, पाइप जुळवा ना!
टाकी भरेना,
नळ गळेना,
खारीला पाणी मिळेना!"

"ताई हो म्हणतील, तर मी जुळवीन." आणि पुन्हा घुर्र.

तुरुतुरु, तुरुतुरु. नगराध्यक्षा शेवंताताई खुर्चीत. किती मोठी खुर्ची!

"शेवंताताई, शेवंताताई, हो म्हणा ना!
पाइप जुळेना,
टाकी भरेना,
नळ गळेना,
खारीला पाणी मिळेना!"

"मी काय करू गं? मोठ्या साहेबांनी पत्र पाठवून काम अडवलंय. साहेब सोडतील, तर मी हो म्हणेन."

खार एसटीच्या टपावर बसली. धडाड, धडाड! राजधानी आली.

"मोठे साहेब, मोठे साहेब, काम सोडा ना!
ताई हो म्हणेना,
पाइप जुळेना,
टाकी भरेना,
नळ गळेना,
खारीला पाणी मिळेना!"

"मी अडवलं? छे! मी तर पैसे पाठवले. लोकांकडून उसने घेतले. त्यांना चिठ्ठी दिली, 'नंतर परत करू.' त्या चिठ्ठीला म्हणतात रोखा. पत्रात स्वच्छ लिहिलंय!"

धडाड, धडाड! खार परत ताईंकडे.

"ताई, पत्र दाखवा!"

पत्रावर लिहिलं होतं : 'विषय – टाकी रोखा.'

"बघ! टाकी रोखा. म्हणून मी रोखली. वर्ष झालं!"

"अहो ताई, थांबवा-वाला रोखा नाही! चिठ्ठीवाला रोखा! पैसे आलेत!"

"अगं बाई!" ताईंनी कपाळावर हात मारला.

मग ताई हो म्हणाल्या.
नामाभाऊ उठले. पाइप जुळला.
टाकी भरली.
खार धावली नळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

पण हे काय? तोटीला लाल फीत! करकचून बांधलेली. समोर मांडव, खुर्च्या, हार.

"आधी भाषण, मग फीत, मग पाणी!" ताई म्हणाल्या.

ताईंचं भाषण झालं. नामाभाऊंचं झालं. साहेबांचं सुरू झालं. संपेचना!

खार चिडली. नळावर चढली. फीत कुरतडली, कुर्र कुर्र! तोटी फिरवली.

धो धो धो!

साहेबांचं भाषण भिजलं. ताईंची साडी भिजली. नामाभाऊंची झोप उडाली.

आणि खार? ती पाणी पीत होती. गटागटा, गटागटा, पोट भरेपर्यंत.