खिंडीत झोपलेला पंखांचा पशू

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरातल्या एका खिंडीपाशी एक लहानसे गाव होते. लुटारूंच्या टोळीने शेजारची दोन गावे जाळली होती. आता पाळी या गावाची होती. तलवार धरणारे हात मोजकेच. म्हणून पाटलाने केरबा मूर्तिकाराला बोलावले.

"केरबा, खिंडीच्या तोंडाशी असं जनावर उभं कर, की बघूनच त्यांची पाचावर धारण बसावी. आठ दिवस आहेत तुझ्या हाती."

केरबाचा हात नावाजलेला होता, आणि ते त्यालाही चांगलेच ठाऊक होते. बांबू, माती आणि कातडी घेऊन त्याने चार दिवसांत एक प्रचंड पशू उभा केला. तीन डोकी, सहा पाय, पाठीवर चिकटवलेले पंख, हातभर लांब सुळे. लोक बघतच राहिले.

फक्त येसाई नावाची म्हातारी धनगरीण पशूभोवती फिरून त्याला निरखत होती. तिच्या शेळ्या त्या पशूच्या पायाशी निवांत चरत होत्या.

"काय झालं, आजी?" केरबाने विचारले.

"लेकरा, हे उडणार कसं?"

"पंख आहेत की!"

"पंख हलवायला छातीत मांस लागतं. याची छाती तर उपाशी बैलासारखी. आणि या सुळ्यांनी तोंडच मिटत नाही. मग हे खातं कसं?"

केरबाचा चेहरा लाल झाला. "हे जगात नसलेलं जनावर आहे, आजी. त्याला कसले नियम?"

"जगात नाही, म्हणूनच तर! असलेल्या जनावरावर माणूस आपोआप विश्वास ठेवतो, नसलेल्यावर तो बसवावा लागतो."

केरबा तणतणत घरी गेला. पण जेवायला बसल्यावर त्याने मनातल्या मनात त्या पशूला एक पाऊल टाकायला लावले, आणि सहाही पाय एकमेकांत अडकले.

दुसऱ्या दिवशी त्याने तो पशू स्वतःच्या हाताने मोडला.

"अरे, वेड लागलं का तुला?" पाटील ओरडला. "चारच दिवस उरलेत!"

केरबा थेट येसाईकडे गेला. तिने त्याला मेलेल्या गिधाडाची छाती चाचपायला लावली. बैलाचा खांदा दाखवला, बकऱ्याचा जबडा उघडून दाखवला, कुत्रे बसताना मागचे पाय कसे दुमडते तेही दाखवले.

या वेळी पशूला एकच डोके होते. चारच पाय. पंख खांद्यातून फुटलेले, छाती रुंद आणि भरीव. मातीचा पशू हलणार नव्हता, म्हणून केरबाने तो झोपलेलाच घडवला. खडकावर चालून झिजाव्यात तशा नख्या झिजवल्या. गुडघ्यांवर घट्टे काढले.

आठव्या दिवशी सकाळी धुक्यातून टोळी आली. पुढे त्यांना वाट दाखवणारा एक म्हातारा शिकारी होता. केरबा आणि येसाई खडकाआड बसून पाहत होते.

शिकाऱ्याने धनुष्याला बाण लावला. बाण लागला असता, तर सुकी माती फुटली असती आणि गाव बुडाले असते.

शिकाऱ्याची नजर नख्यांवरून गुडघ्यांवर गेली, गुडघ्यांवरून छातीवर. पण त्याने दोरी ओढली नाही.

"मार की!" मागून टोळीचा सरदार गुरगुरला.

"हळू बोला, झोपलंय ते. नख्या झिजल्यात, म्हणजे लांबलांब फिरतंय. आणि ही छाती बघा. उठलं, तर आपले घोडे वळायच्या आत अंगावर येईल."

"पण आहे तरी काय?"

"ठाऊक नाही. चाळीस वर्षं रानात काढली, असलं जनावर पाहिलं नाही."

त्याने बाण खाली घेतला. घोड्यांचे लगाम धरून टोळी पाऊल न वाजवता मागे फिरली, आणि त्या वाटेला पुन्हा कधी आली नाही.

केरबा वळला आणि त्याने येसाईच्या पायांवर डोके ठेवले. त्यानंतर तो कुठलीही मूर्ती घडवायला बसला, की आधी खऱ्या जिवांकडे तासन्‌तास बघत राही.

तात्पर्य : कल्पना कितीही अद्भुत असो, ती सत्याच्या हाडांवर उभी राहिली तरच जग तिच्यावर विश्वास ठेवते.