डोंगरावरून दिसणारी लेक

फार फार जुनी गोष्ट. ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. तिथला डोंगर मात्र अजून जागेवर आहे म्हणतात.

डोंगर काही मोठा नव्हता. घटका-दोन घटकांत माथा गाठता येई. एका राणीने हौसेने त्याच्या उतारावर लहानशी बाग लावून घेतली होती. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सोनचाफा आणि कण्हेर, मध्यावर गार पाण्याचं टाकं आणि अगदी माथ्यावर दगडी कठड्याचा चौथरा. कठड्याशी उभं राहिलं की नदीचं वळण, पलीकडची शेतं आणि पाच-सहा गावं दिसत. लांबलांबून लोक यायचे, बघायचे आणि "डोळ्यांचं पारणं फिटलं" म्हणत उतरायचे.

डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणारा एक विधुर राहत होता. दर बाजाराच्या दिवशी माग आवरला की तो माथ्यावर जाई. लोक चहूकडे बघत, हा एकाच जागी बघे. नदीपलीकडे चिंचांच्या दाटीत त्याच्या एकुलत्या एका लेकीचं सासर होतं.

त्या घरी तो लग्नानंतर कधी गेला नव्हता. लग्नाच्या दिवशी व्याह्याने त्याला मानाच्या पंगतीतून उठवलं होतं. "घोंगडीवाल्याचं पान तिकडे कडेला मांडा," असं चारचौघांत म्हटलं होतं. तो तसाच उठला आणि बोलून गेला, "या उंबऱ्याला पुन्हा माझा पाय लागायचा नाही." पुढे वर्षभरात व्याही वारला. याने धरलेला हट्ट मात्र जिवंत राहिला.

पण लेकीवर त्याचा जीव होता. म्हणून तर तो डोंगर चढे. वरून त्याला लाल कौलांचं छप्पर दिसे. परसात हिरवंगार काहीतरी डोलताना दिसे. कधीही बघितलं तरी घरातून धूर निघताना दिसे. तो मनाशी म्हणे, 'चूल थंड पडत नाही म्हणजे घरात माणसांचा राबता आहे. परसात मळा फुललाय. पोर सुखात आहे.' मग तो समाधानाने खाली येई.

अशी पाच वर्षं गेली. एक दिवस गावोगाव बांगड्या भरत फिरणारा कासार त्याच्या ओट्यावर येऊन टेकला.

"मामा, तुमच्या लेकीने निरोप दिलाय. आबांना म्हणावं, एकदा येऊन जा."

"का? काही झालंय का?"

"तेवढंच म्हणाली. हात वाळलेत हो तिचे. मी भरलेल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या."

घोंगडीवाला माग तसाच टाकून उठला. पण तो नदीकडे निघाला नाही, डोंगर चढला. कठड्याशी उभा राहिला. छप्पर लाल होतं, परस हिरवं होतं, धूर निघत होता. त्याला हायसं वाटलं, मग थोडा रागही आला. 'सगळं तर ठीक आहे. मला वाकवायला बघतात. माझ्याच पोरीला पुढे करतात.'

खाली येऊन तो कासाराला म्हणाला, "तिला सांग, आबा दर बाजाराच्या दिवशी डोंगरावर येतात. त्यांना तिथून तुझं सगळं दिसतं. काळजी करू नकोस."

"मामा, नाव धरलीत तर दुपारच्या आत पोचाल. जाऊन या की."

"दिसतंय म्हटलं ना मला!"

कासाराने बांगड्यांचं गाठोडं उचललं. त्याने निरोप होता तसा पोचवला.

त्यानंतर तिकडून निरोप आला नाही. 'बघ, समजूत पटली,' असं तो स्वतःला सांगत राहिला.

कार्तिक महिना लागला. एका सोमवारच्या स्वच्छ सकाळी तो माथ्यावर होता. शेजारी एक कुटुंब बाग बघायला आलं होतं. नदीच्या काठी धुराचा एक लोट सरळ वर चढला होता आणि भोवती माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

"ते काय हो तिथे?" त्या कुटुंबातल्या बाईने विचारलं.

"आवळीभोजन असेल," तो कौतुकाने म्हणाला. "माझ्या लेकीचं गाव आहे ते. हौशी आहेत तिथली माणसं."

बाई म्हणाली, "नशीबवान आहात. इथून लेकीचं घर दिसतं." तो हसला.

चार दिवसांनी कासार आला. या वेळी तो ओट्यावर टेकला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मामा, सोमवारी सकाळी नदीकाठी अग्नी दिला तिला."

घोंगडीवाला उठला आणि चालू लागला. नाव धरली. दुपारच्या आत पोचला. पाच वर्षांत त्याला जी वाट सापडली नव्हती, ती दोन प्रहरांत संपली.

छपराची निम्मी कौलं फुटली होती. परसात मळा नव्हता, माणूस बुडेल एवढं गवत माजलं होतं. अंगणात चुलाणावर मोठी काळी काहील होती. आत अंथरुणाला खिळलेली तिची सासू पडली होती.

"कोण आहे?" म्हातारीने विचारलं.

"मी. तिचा बाप."

म्हातारीने त्याच्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी फौजेबरोबर गेला, तो आलाच नाही. मला टाकून तिला कुठे जाता येईना. लोकांची हळद शिजवून तिने मला जगवलं. दिवसभर त्या धुरात उभी असायची. शेवटी छातीच्या दुखण्याने नेलं तिला."

"मला कळवलं का नाही?"

"तुम्हाला सगळं दिसतं असा निरोप आला होता ना? बाजाराच्या दिवशी ती अंगणात यायची. डोंगराकडे तोंड करून हात हलवायची. मला म्हणायची, आबांना मी दिसते. मग तुमची वाट बघायची. पुढे पुढे म्हणायला लागली, त्यांना दिसतं, आणि तरी येत नाहीत. त्यानंतर तिने औषधाचं नाव काढलं नाही."

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. उंबरा कधी ओलांडला हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. जिची माफी मागायची ती आता त्या घरात नव्हती.

म्हातारीला तहान लागली होती. त्याने तिला पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशीही पाजलं. ती जगली तोवर तो तिथेच राहिला, तिचं सगळं केलं. पण तेवढ्याने त्याच्या मनाला कधी गारवा मिळाला नाही. ती गेल्यावरही तो माघारी फिरला नाही आणि त्या बागेची पायरी पुन्हा चढला नाही. वर मात्र लोक येतच राहिले. नदीपलीकडचं ते लाल छप्पर ते एकमेकांना बोटाने दाखवत आणि म्हणत, "किती सुखी असतील नाही, तिथली माणसं!"

तात्पर्य : दुरून सारंच साजरं दिसतं, आपल्या माणसाची खुशाली त्याच्या दारात जाऊनच विचारावी, आणि वेळेवर विचारावी.