छबू तेलपोटेचा भोंगा

एक होती छबू. छबू कोण? छबू म्हणजे इंजिन. छोटंसं, पिवळं, डिझेलचं इंजिन. आडनाव तेलपोटे.

तेलपोटे का? कारण त्यांच्या पोटात तेल फिरतं, गुडुक गुडुक. तेल फिरलं की चाक फिरतं, धुडुक धुडुक.

आजोबा तेलपोटे साखर कारखान्यात डबे ढकलायचे. आई तेलपोटे यार्डात डबे लावते. बाबा तेलपोटे मालगाडी ओढतात. लांबच लांब! सगळं घर कामाचं. बसून कुणी खात नाही.

आज छबूला पहिलं काम मिळालं. एक डबा. गुळाचा डबा. स्वयंपाकघरातला नव्हे हं! रुळावरचा. घराएवढा! तो बाबांच्या मालगाडीला लावायचा. मालगाडी आज जाणार. डबा लागला नाही, तर गूळ मागेच राहणार.

छबू गेली डिझेल प्यायला. गट् गट् गट्. परत आली. बघते तर काय? गुळाच्या पुढे मिठाचा डबा. मिठाच्या पुढे कोळशाचा डबा. गूळ बसला कोंडून!

भोंगा वाजवावा का? छे! परवाच तारकाबाई ओरडल्या होत्या. तारकाबाई म्हणजे विजेचं मोठं इंजिन. डोक्यावर तार, नाकावर राग. "एवढ्याश्शा इंजिनानं भोंगा वाजवायचा नसतो!"

छबूनं भोंगा वाजवला नाही. पण काम सोडलं नाही.

"गूळराजा, गूळराजा, ये ना!"

गूळ म्हणाला, "मीठ हटल्याशिवाय मी येत नाही!"

"मीठदादा, मीठदादा, हट ना! गूळ काही मिळेना!"

मीठ म्हणालं, "कोळसा निघाल्याशिवाय मी हटत नाही!"

"कोळसेकाका, कोळसेकाका, निघा ना! मीठ हटेना, गूळ काही मिळेना!"

कोळसा म्हणाला, "हिरवा झेंडा डुलल्याशिवाय मी निघत नाही!"

छबू निघाली. गुडुक गुडुक, धुडुक धुडुक.

रुळाशेजारी शेवंताताई उभी होती. हातात हिरवा झेंडा.

"ताई, ताई, झेंडा डुलव ना! कोळसा निघेना, मीठ हटेना, गूळ काही मिळेना!"

शेवंताताई म्हणाली, "सांधा फिरल्याशिवाय मी झेंडा डुलवत नाही!"

गुडुक गुडुक, धुडुक धुडुक.

एका रुळाचे दोन रूळ होतात ना, तिथे असतो सांधा. हा सांधा फार जुना. म्हणून सगळे त्याला म्हणतात सांधेआजी.

"आजी, आजी, फिर ना! झेंडा डुलेना, कोळसा निघेना, मीठ हटेना, गूळ काही मिळेना!"

सांधेआजी कण्हली, "कर्रर्र! दांडा हलल्याशिवाय मी कूस बदलत नाही!"

गुडुक गुडुक, धुडुक धुडुक.

दांडा होता केबिनमध्ये. झिपरूमामांच्या हातात.

"मामा, मामा, दांडा हलवा ना! सांधा फिरेना, झेंडा डुलेना, कोळसा निघेना, मीठ हटेना, गूळ काही मिळेना!"

झिपरूमामा म्हणाले, "भोंगा वाजल्याशिवाय मी दांडा हलवत नाही! इंजिन तयार आहे, हे मला कळणार कसं गं बाई?"

भोंगा! आता आली का पंचाईत?

गुडुक गुडुक, धुडुक धुडुक. छबू गेली तारकाबाईंकडे.

"बाई, बाई, भोंगा वाजवा ना! दांडा हलेना, सांधा फिरेना, झेंडा डुलेना, कोळसा निघेना, मीठ हटेना, गूळ काही मिळेना!"

तारकाबाई म्हणाल्या, "मी? त्या कोपऱ्यात? तिथे तार नाही. तारेशिवाय मी येत नाही! जा गं, तेलपोटी कुठली!"

छबूच्या पोटातलं तेल उकळलं. गुड् गुड् गुड्! तडक गेली बाबांकडे.

"बाबा, बाबा, तू भोंगा वाजव ना! तारका येईना, दांडा हलेना, सांधा फिरेना, झेंडा डुलेना, कोळसा निघेना, मीठ हटेना, गूळ काही मिळेना!"

बाबा म्हणाले, "मी नाही वाजवणार."

"का रे बाबा?"

"डबा कुणाचा?"

"माझा!"

"मग भोंगा कुणाचा? यार्डाची रीत आहे, पोरी. ज्याचा डबा, त्याचा भोंगा!"

"पण मी एवढीशी..."

"एवढीशी? तू तेलपोट्यांची!"

छबू वळली. धुडुक धुडुक, धुडुक धुडुक! कोळशाला जाऊन भिडली. खट्! मोठ्ठा श्वास घेतला. आणि...

पोंऽऽऽऽऽ!

कबुतरं उडाली, फडफड फडफड! सगळं यार्ड वळून बघायला लागलं.

भोंगा वाजला, दांडा हलला. खटॅक!
दांडा हलला, सांधा फिरला. कर्रर्र!
सांधा फिरला, झेंडा डुलला. फर्रर्र!
झेंडा डुलला, कोळसा निघाला.
कोळसा निघाला, मीठ हटलं.
मीठ हटलं, गूळराजा मोकळा झाला!

कोळसा ठेवला दुसऱ्या रुळावर. मीठही ठेवलं त्याच रुळावर. मग छबूनं गुळाला ढकललं. गुडुक गुडुक, धुडुक धुडुक. बाबांच्या मालगाडीला लावलं. खट्! शेवटचा डबा. छबूचा डबा.

तारकाबाई दचकून म्हणाल्या, "अगं बाई! एवढा मोठा भोंगा कुणाचा?"

मामा म्हणाले, "छबूचा!" शेवंताताई म्हणाली, "छबूचा!" सांधेआजीसुद्धा म्हणाली, "कर्रर्र, छबूचा!"

छबू म्हणाली, "बाई, तुम्हाला तार लागते. मला नाही लागत!"

मालगाडी सुटली. बाबांनी भोंगा दिला, पोंऽऽ! छबूनं उत्तर दिलं, पोंऽऽऽऽऽ! बाबांपेक्षा लांब.

गूळ गेला गावाला, गोष्ट तुमच्या नावाला!