बापाची मांडी

"मग तुम्हीच सांगा बुवा, उतारवयात झालेल्या पोराचं डोकं कुठून ठिकाणावर असणार?"

केसोबुवा मठाच्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण म्हणतं?"

"वैद्य म्हणतात. धाकट्या आईला सोपान झाला तेव्हा आबांची पन्नाशी उलटली होती. आता बारा वर्षांचा घोडा झालाय, पण कानात कुणीतरी बोलतंय म्हणतो, दिवस दिवस कोपरा सोडत नाही. माझ्या वेळी आबा विशीतले. बघा, मी कसा खणखणीत!"

तानबा ऐटीत बसला होता, पण आतून नुसता जळत होता. सकाळी न्हाऊन आलेल्या सोपानचं डोकं आबांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं होतं. ते पाहिल्यापासून त्याला घास गेला नव्हता.

"तुला काय हवंय?"

"त्याला मठात ठेवून घ्या. आबा तुमचा शब्द मोडायचे नाहीत."

"बरं. बापाचं वय ज्याला बाधलंय, त्याला ठेवून घेतो."

तानबा हरखला. जीभही सैल सुटली.

"एवढ्या घोड्याला अजून मांडीवर घेतात हो! लाडाचं शेंडेफळ ना!"

"तुला घ्यायचे?"

"मला कसे घेतील? आजोबा होते ना घरात. वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर उचलायचं म्हणजे... विशीतला बाप, लाजायचा. आजोबा गेले तोवर मला मिसरूड फुटलं होतं."

"हं..."

बुवांनी आणखी एक शेंग सोलली.

"तुझा मुलगा केवढा?"

"पाचवं चालू आहे."

"तू घेतोस मांडीवर?"

"आता घरात आबा असतात, त्यांच्यासमोर कसं..."

तानबा बोलता बोलता थांबला.

मग बुवांनी सूप बाजूला सारलं आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडून साफ केली.

तानबानं घसा खाकरला. "सोपानचं अंथरूण... कधी आणू?"

"सोपानचं कशाला?" बुवा म्हणाले. "तुझं आण."