मकामेचं दार

फार वर्षांपूर्वी, वाऱ्याला विचारल्याशिवाय एकही गलबत बंदरातून हलत नसे त्या काळी, झांजिबार शहरात मकामे नावाचा एक सुतार राहत होता. आता तुम्ही म्हणाल, झांजिबार कुठे आणि आपण कुठे! पण मध्ये समुद्र आहे म्हणजे गाव परकं, असं थोडंच असतं? थंडीत उत्तरेचा वारा सुटला की आपल्या कोकणातली गलबतं तांदूळ आणि कापड भरून निघायची, ती आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या त्या बेटावर जाऊन टेकायची. वारा फिरला की लवंगा घेऊन परत यायची. ही गोष्टही जयगडच्या धाकू तांडेलाबरोबर तशीच इकडे आली, असं म्हणतात. तांडेल गलबताचा म्होरक्या, त्यामुळे त्याने थोडं तिखटमीठ लावलं असणार. थोडं मीही लावीन.

त्या शहराचा आधी वास यायचा आणि मग ते दिसायचं. चटयांवर वाळत घातलेल्या लवंगांचा तो वास खलाशांना समुद्रातच गाठायचा, आणि दमलेली माणसं उगाच हसायला लागायची. घरं पोवळ्याच्या दगडाची, चुन्याने पांढरी केलेली. गल्ल्या अशा अरुंद की समोरून गाढव आलं तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढावं. आणि ओट्यावर चढलेल्या माणसाला आल्याची कॉफी पाजल्याशिवाय उतरू द्यायचं नाही, ही तिथली रीत. त्यामुळे त्या शहरात कुणीच कुठे वेळेवर पोचत नसे, आणि त्यावरून कुणी रागावतही नसे. संध्याकाळी शिडं लाल व्हायची, मशिदीतून बांग यायची, आणि बायका केसांत मोगरा माळून ओट्यांवर येऊन बसायच्या.

पण त्या शहराचा खरा जीव दारांत. तिथे घर बांधायचं तर आधी दार उभं करतात, भिंती मागाहून येतात. मोकळ्या जागेत नुसतं दार उभं दिसलं तर समजावं, इथे कुणाचा तरी संसार येणार आहे. त्या दारांवर लाटा कोरायच्या, मासे कोरायचे, खजुराची झाडं कोरायची. वर पितळेचे हे एवढाले टोकदार खिळे. का, तर हत्तीने धडक देऊ नये म्हणून! बेटावर औषधालासुद्धा हत्ती नाही. पण आपल्याकडच्या दारांवर खिळे पाहिले आणि आवडले, मग हत्ती असो की नसो.

अशी दारं कोरण्यात मकामेचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने कोरलेल्या माशांवर मांजरं झडप घालायची, असं म्हणतात. मोठ्या कारागिराला तिथे फुंडी म्हणतात, म्हणून सगळं शहर त्याला फुंडी मकामे म्हणायचं. बायको लवकर गेली होती. घरात तो आणि त्याचा मुलगा वुआई. मुलगा मिसरूड फुटलेला, हातात कला होती, पण डोळे सारखे समुद्राकडे.

एकदा एका लग्नघराचं दार कोरून झालं होतं. फणसाचं ओलं लाकूड. ते सावकाश वाळावं म्हणून त्यावर भिजवलेल्या चटया घालायच्या आणि त्या सुकू द्यायच्या नाहीत. मकामेने ते काम वुआईला सांगितलं. त्या दिवशी नेमका वारा फिरला. परतीची गलबतं शिडं चढवू लागली आणि वुआई बघायला म्हणून जो गेला तो तिथेच रमला. चटया सुकल्या. ऊन लागलं. दाराच्या मधोमध कोरलेल्या कमळाला आरपार तडा गेला.

मकामे तडकला तो तडकलाच. सगळ्या गल्लीसमोर ओरडला, "जा! त्या गलबतांकडेच जा! माझ्या घरात पाय ठेवू नकोस." आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

आता तिथली आणखी एक रीत सांगतो, कारण सगळं अडलं ते तिच्यापाशीच. त्या शहरात कुणाच्याही दाराशी गेलं की "होदी!" अशी हाक द्यायची. म्हणजे, येऊ का आत? आतला माणूस "करीबू!" म्हणतो. म्हणजे, या. हाक तीनदा द्यायची. तिसऱ्या हाकेलाही करीबू आलं नाही, तर मनात काही न ठेवता निघून जायचं. चौथी हाक द्यायची नाही. चौथी हाक म्हणजे दांडगाई.

दिवेलागणीला वुआई दाराशी आला. "होदी," म्हणाला. मकामे आत होता. राग तर केव्हाच निवला होता, पण तोऱ्याचं काय करायचं? तो गप्प बसला. दुसरी हाक आली. मकामेच्या ओठांवर शब्द आला होता. तिसरी हाक आली, जरा हळू. मकामे मनात म्हणाला, अजून एकदा म्हणू दे, मग उघडतो.

पण चौथी हाक द्यायची नाही, हे पोराला त्यानेच शिकवलं होतं. पावलं दूर गेली. मकामेने दार उघडलं तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं, आणि समुद्रावर एक शीड बारीक होत चाललं होतं.

पुढे काय झालं, हे समोरच्या ओट्यावर मासे तळून विकणारी म्वानाईदी सांगायची. तिची जीभ तिच्या तेलाइतकीच कढत. ती सांगायची की मकामेने स्वतःच्या घराचं दार चौकटीसकट उपटलं, पाठीवर घेतलं आणि किनाऱ्यावर नेऊन उभं केलं. कोरीव बाजू समुद्राकडे. मागे भिंत नाही, छप्पर नाही. कॉफीची किटली आणि कप घेऊन तो त्या दारामागे बसला.

"अहो फुंडी," म्वानाईदी म्हणाली, "दाराला वळण देता येतं तुम्हांला, जिभेला नाही आलं? आता इथे कुणाची वाट बघता? भिंतसुद्धा नाही!"

"भिंती मागाहून येतात," मकामे म्हणाला. "दार आधी."

मग ती त्याच किनाऱ्यावर चूल मांडून बसू लागली. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

गलबतांवरून उतरणारे खलाशी त्या एकट्या दाराला हसायचे. चेष्टेने कुणी "होदी!" म्हणायचा. मकामे लगेच म्हणायचा, "करीबू!" आणि खरोखरच कॉफी द्यायचा. विचारायचा, "वुआई कुठे दिसला का?" माणसं हसणं विसरायची. घरापासून दूर आलेल्या माणसाला कुणी 'या' म्हटलं तर त्याला काय होतं, हे मी सांगायला नको. हळूहळू लांबलांबचे खलाशी आधी त्या दाराशी जायला लागले आणि मग बाजारात. अशी कित्येक वर्षं गेली. मकामेच्या केसांचा चुना झाला.

मग ते वादळ आलं. भर दुपारी काळोख झाला. गलबतं बंदराच्या तोंडाशी आलेली, बाजूला पोवळ्याचे खडक, आणि हातभर पुढचं दिसेना. मकामेला वाटलं, यातल्या एखाद्यावर माझा वुआई असेल. तो दाराशी उभा राहिला आणि समुद्राकडे तोंड करून ओरडू लागला, "करीबू! करीबू!" वारा त्याच्या तोंडावर येत होता, तरी तो आवाज वाऱ्याला कापत गेला, असं म्हणतात. प्रत्येक लाटेने तो पुढच्या लाटेला दिला. धाकू तांडेलाने ऐकला तेव्हा किनारा कोसभर लांब होता. "सुकाणू त्या आवाजावर धरा रे!" तो खलाशांना म्हणाला. त्या आवाजाच्या दोरीला धरून एकेक करून सगळी गलबतं आत आली. एकही माणूस गेला नाही.

वुआई त्यांत नव्हता. आणि वादळ थांबलं तेव्हा मकामेचा आवाजही गेला होता. समुद्राने माणसं परत दिली आणि आवाज ठेवून घेतला, असं म्हणतात.

वाचलेल्या खलाशांनी मग त्या दारामागे घर बांधलं. कुणी आपल्या गलबताच्या तळाशी वजनाला ठेवलेले दगड आणले, कुणी चुना मळला, कुणी माडाची झावळं चढवली. दारामागून शेवटी भिंती आल्या. आता कुणी "होदी" म्हणालं, की मकामे आतून दोन कप एकमेकांवर वाजवायचा. किण् किण्. तेच त्याचं करीबू, हे साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होतं.

ज्याला ठाऊक नव्हतं, तो एका संध्याकाळी आला. दाढी पिकत आलेली, खांद्यावर गाठोडं. जुन्या गल्लीत घराला दार नव्हतं. ते त्याला किनाऱ्यावर दिसलं. लहानपणी ज्या माशांवरून बोट फिरवलं होतं, ते मासे त्याने ओळखले.

"होदी," तो म्हणाला.

आत मकामेने आवाज ओळखला. बापाला वेळ लागतो थोडाच? त्याने कप वाजवले. बाहेर वुआईला वाटलं, आत कुणीतरी कॉफी पितंय आणि बोलत नाहीये.

"होदी."

मकामेने तोंड उघडलं. वाराच बाहेर आला. तो घाईने उठायला गेला तो पडलाच, कप घरंगळले. तो दाराकडे सरपटू लागला.

"होदी," तिसऱ्यांदा. जरा हळू. पूर्वीसारखंच.

मग वुआईने गाठोडं सावरलं आणि मनात काही न ठेवता पाठ फिरवली.

तेव्हा म्वानाईदी चुलीपाशी उठून उभी राहिली. हातात झारा तसाच. "करीबू!" ती कडाडली. "अरे करीबू, वुआई! करीबू!" दोर वळणाऱ्याने मान वर केली, तोही म्हणाला, "करीबू." जाळं विणणाऱ्या बायका म्हणाल्या. लवंगा निवडणाऱ्या पोरी म्हणाल्या. गलबतांवरच्या परक्या माणसांनी म्हटलं, ज्यांना त्या दाराने कधीतरी आत घेतलं होतं त्यांनी. साऱ्या बंदरभर एकच शब्द झाला. आणि त्या आवाजाने दार आपोआप उघडलं, असं म्हणतात. मला विचाराल, तर म्हातारा आतून कडीपर्यंत पोचला होता.

वडिलांना तिथेही बाबाच म्हणतात. वुआई तेवढंच म्हणाला आणि आत गेला.

मकामे गेला त्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. पण तांडेल सांगत, त्या किनाऱ्यावर आजही कुणी कुणाच्या दाराशी तिसरी हाक दिली आणि आतून उत्तर आलं नाही, तर रस्त्याने जाणारा कुणीही "करीबू" म्हणतो. मग घर त्याचं असो की नसो. आणि तिथला सुतार नवं दार उभं करतो ना, तेव्हा भिंतींच्या आधी, छपराच्या आधी, तो एकटा त्या दारामागे जाऊन उभा राहतो. पुढे कुणी आलेलं नसतं, कुणी हाक दिलेली नसते. तरी तो तीनदा म्हणतो, करीबू, करीबू, करीबू. वुआईच्या त्या पहिल्या तीन हाकांची उत्तरं मकामेकडून राहिली होती, ती अजून देतात.